'इफ'च्या वाक्यांत मराठी माणूस नेमका कुठे अडतो?

गोदाकाठ

नववी-दहावीच्या मुलांना आणि नोकरीसाठी इंग्रजी सुधारू पाहणाऱ्या मोठ्यांना मी संध्याकाळी शिकवते. 'इफ'च्या वाक्यांचा धडा आला की सगळ्यांच्या वहीत तेच तीन साचे असतात: फर्स्ट, सेकंड, थर्ड कंडिशनल. साचे तोंडपाठ असतात आणि गाळलेल्या जागाही बरोबर भरल्या जातात. पण त्याच मुलांनी स्वतःहून चार ओळी लिहिल्या की 'इफ यू विल हॅव टाइम' आणि 'इफ आय वुड हॅव नोन' हमखास येतं. या चुका आळसातून होत नाहीत. त्या मराठीतून येतात, आणि मराठीच्या बाजूने पाहिलं की त्यांचं कारणही सापडतं. शिकवताना हे कुणी सांगत नाही म्हणून हा धागा काढतेय.

आधी आपली भाषा बघू. आपण 'जर' खुशाल गाळतो, 'तर' मात्र गाळत नाही. 'पाऊस आला तर सामना रद्द होईल' हे पूर्ण वाक्य आहे. इंग्रजीत उलटं आहे. तिथे 'इफ' सहसा लागतोच, 'देन' बहुतेक वेळा नको असतो. प्रत्येक 'इफ'मागे 'देन' लावणं चूक नाही, पण वाक्य उगाच जड होतं.

आता क्रियापद. 'पाऊस आला तर' यातलं 'आला' हे रूप भूतकाळाचं, पण पाऊस उद्याचा. मराठीत हे रूप इथे काळ सांगत नाही, क्रिया पुरी होणं सांगतं: आधी पाऊस येणं घडेल, मग सामना रद्द होईल. पाऊस येण्याची शक्यता किती, याबद्दल ते गप्प आहे. इंग्रजी या जागी साधा वर्तमानकाळ घेतं: 'इफ इट रेन्स, द मॅच विल बी कॅन्सल्ड.' तिथे कुणी 'इफ इट रेन्ड' म्हणून पुढे 'वुड' लावलं, तर ऐकणारा समजतो की या माणसाला पाऊस येईलसं काही वाटत नाही. म्हणजे 'इफ'नंतरचं भूतकाळाचं रूप इंग्रजीत वस्तुस्थितीपासूनचं अंतर दाखवतं. मराठीत ते काम 'आला' करत नाही, 'असता' करतं.

शाळेतले कल्पनाप्रधान निबंध आठवा. 'मी पक्षी असतो तर', 'मी मुख्यमंत्री झालो तर', 'सूर्य उगवला नाही तर'. पहिल्यात 'असतो' आहे, अंतर उघड दिसतं. तिसऱ्यात गोष्ट त्याहून अशक्य, तरी रूप 'पाऊस आला तर'चंच आहे. मराठीला हे चालतं. इंग्रजीत 'इफ द सन डज नॉट राइज टुमॉरो' असं लिहिलंत तर तुम्हाला खरोखर तशी शंका आहे असा अर्थ होईल. तिथे 'इफ द सन डिड नॉट राइज' हवं.

मग 'विल' कुठून येतो? 'असणे'मधून. 'वेळ असेल तर ये', 'तो येत असेल तर मी थांबतो', 'काम झालं असेल तर निघू'. 'आला तर' म्हणणारी आपली भाषा 'असणे' आलं की भविष्याचं रूप वापरते. मूल तेच रूप उचलून 'इफ यू विल हॅव टाइम' लिहितं. इंग्रजीत तिथेही वर्तमानच: 'इफ यू हॅव टाइम', 'इफ ही इज कमिंग', 'इफ द वर्क इज डन'.

आणि सगळ्यात अवघड गाठ ही:

'माझ्याकडे पैसे असते तर मी ते घर घेतलं असतं.'

हे वाक्य आजचं की पाच वर्षांपूर्वीचं? मराठीत दोन्ही होऊ शकतं. आज पैसे नाहीत म्हणून घेत नाही, किंवा तेव्हा नव्हते म्हणून राहून गेलं. संदर्भावरून कळतं, म्हणून आपण विचारही करत नाही. इंग्रजी मात्र तुम्हाला निवडायला लावतं. आजचं असेल तर 'इफ आय हॅड मनी, आय वुड बाय दॅट हाउस.' गेल्या काळातलं असेल तर 'इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट दॅट हाउस.' यातलं आधीचं सेकंड, नंतरचं थर्ड; या दोघांत मुलं गोंधळतात याचं मूळ कारण हे. मराठीत एकाच कपाटात ठेवलेल्या गोष्टी इंग्रजी दोन कपाटांत ठेवतं.

म्हणून मी साचे शिकवण्याआधी दोन प्रश्न विचारायला लावते. एक, ही गोष्ट बोलणाऱ्याच्या मते उघडी आहे (असेल किंवा नसेल) की मिटलेली (तशी नाही, किंवा होईलसं वाटत नाही)? दोन, ती कधीची? 'उघडी' आणि 'दूरची' (मी मिटलेली म्हणते ती) हे भेद केंब्रिजच्या २००२ सालच्या मोठ्या इंग्रजी व्याकरणातही 'ओपन' आणि 'रिमोट' या नावांनी आहेत. तीन क्रमांकांपेक्षा मला ही नावं खूप उपयोगी वाटतात, कारण ती अर्थावरून दिलेली आहेत.

उघडी असेल तर काळ जसाच्या तसा ठेवा, फक्त पुढची गोष्ट असेल तर 'इफ'च्या बाजूला वर्तमान. मिटलेली असेल तर एक पायरी मागे जा: आजची किंवा पुढची असेल तर भूतकाळाचं रूप, गेलेली असेल तर 'हॅड'चं रूप. 'वुड' दुसऱ्या बाजूला.

मिटलेल्या गोष्टीचं एक उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलं. २३ मार्च २००३, जोहान्सबर्ग, विश्वचषकाचा अंतिम सामना. नाणेफेक आपण जिंकली, गांगुलीने क्षेत्ररक्षण घेतलं, ऑस्ट्रेलियाने २ बाद ३५९ केल्या आणि आपण १२५ धावांनी हरलो. 'इफ गांगुली हॅड चोझन टू बॅट, इंडिया माइट हॅव वन.' इथे 'वुड हॅव' लिहिलं तर तुम्ही खात्री देताय, 'माइट हॅव' लिहिलं तर शक्यता सांगताय. मला स्वतःला 'माइट' योग्य वाटतं.

नेहमी खरं असणारं वाक्य सगळ्यात सोपं, दोन्हीकडे वर्तमान: 'इफ द न्यू मून फॉल्स ऑन अ मंडे, वी कॉल इट सोमवती.'

---

तळजाई

उत्तम धागा. 'असते तर' मध्ये काळ लपतो हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

पण साच्यांबद्दल थोडा वेगळा अनुभव. मी खेड्यातल्या शाळेत शिकवतो. माझ्या मुलांना आधी हातात काहीतरी धरायला लागतं. अर्थावरून सुरुवात केली तर निम्मा वर्ग सुटतो. साचा पाठ असला की निदान परीक्षेत गुण मिळतात, आणि ते गुण त्यांच्यासाठी महत्त्वाचे आहेत.

---

गोदाकाठ

तळजाई, गुणांचं महत्त्व मान्य. साचे टाकून द्या असं माझं म्हणणं नाही. फक्त क्रम बदलून बघा. दोन मराठी वाक्यं फळ्यावर लिहा: 'तू आलास तर मी येईन' आणि 'तू आला असतास तर मी आलो असतो'. यातला फरक पाचवीतलं पोरही सांगतं, त्याला व्याकरण लागत नाही. ते सांगून झालं की मग साचा द्या. धरायला हात असतोच, आणि तो स्वतःच्या भाषेतला असतो.

याच दुसऱ्या वाक्यात आणखी एक गोष्ट आहे. 'आला असतास' आणि 'आलो असतो', दोन्ही बाजूंना तेच रूप. म्हणून मुलं 'इफ यू वुड हॅव कम, आय वुड हॅव कम' असं लिहितात. मराठी तराजू दोन्हीकडे सारखा असतो, इंग्रजीचा नसतो. 'इफ'च्या बाजूला 'हॅड', दुसऱ्या बाजूला 'वुड हॅव', हे त्या दोन वाक्यांखालीच लिहून दाखवा.

---

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. 'इफ आय वुड हॅव नोन' हे इथे जन्मलेल्या लोकांच्या तोंडूनही सर्रास ऐकू येतं. मीटिंगमध्ये तर रोज. मग ते चूक कसं?

---

गोदाकाठ

बोलण्यात अमेरिकेत ते खूप आहे, बरोबर. पण छापील मजकुरात संपादक ते 'हॅड' करतात, आणि परीक्षेत तर चूकच धरतात. आपण शिकताना लिहिता येईल असं रूप शिकावं, ते बोलण्यातही कुठे खटकत नाही.

तुमच्याकडे ऐकायची सोय आहे म्हणून एक सांगते. 'इफ आय’ड नोन, आय’ड हॅव कम' हे वाक्य कान देऊन ऐका. पहिला ’ड 'हॅड'चा आहे, दुसरा 'वुड'चा. कानाला दोन्ही सारखे. ऐकून इंग्रजी शिकलेल्या माणसाला दोन्हीकडे 'वुड'च आहे असं वाटणं अगदी साहजिक आहे. पूर्ण लिहून काढलं की वेगळे दिसतात.

---

पैनगंगा

ताई, मुलगी नववीत आहे. 'अनलेस' वापरून वाक्य बदला असा प्रश्न येतो आणि ती दर वेळी 'अनलेस यू डोन्ट स्टडी' लिहिते. किती सांगितलं तरी 'डोन्ट' सुटत नाही. काय करू?

---

कोर्टनाका

याचं उत्तर मी कायद्यातून देतो, कारण त्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

१८७२ चा भारतीय करार कायदा घ्या. त्याच्या कलम ३१ मध्ये 'कंटिंजंट कॉन्ट्रॅक्ट'ची व्याख्या आहे, म्हणजे एखादी घटना घडली किंवा न घडली तर काही करण्याचा किंवा न करण्याचा करार. तिथलं उदाहरण: 'ए'ने 'बी'शी करार केला, 'बी'चं घर जळालं तर दहा हजार रुपये देण्याचा. इंग्रजीत शब्द आहेत 'इफ बी’ज हाउस इज बर्न्ट'. घर पुढे कधीतरी जळणार किंवा जळणार नाही, पण 'विल' नाही, साधा वर्तमान आहे. गोदाकाठ यांनी वर सांगितलं तेच.

पुढे कलम ३२ मध्ये 'ए' हा 'सी'च्या मागे जिवंत राहिला तर 'बी'चा घोडा विकत घेईल, असा करार आहे. इंग्रजी शब्द 'इफ ए सर्व्हाइव्ज सी'. आणि लगेच म्हटलंय की हा करार अमलात आणता येणार नाही, 'अनलेस अँड अनटिल सी डाइज इन ए’ज लाइफटाइम'. 'डाइज', 'डझ नॉट डाय' नव्हे. नकार 'अनलेस'च्या पोटातच आहे, दुसरा घातला की अर्थ उलटा होतो. पक्षकाराने सह्या केलेल्या भाडेकरारात 'अनलेस द टेनंट डझ नॉट पे' असं दिसलं की मला घाम फुटतो, कारण तिथे खरोखर पैसे न देणाऱ्याच्या बाजूने अर्थ लागतो.

---

गोदाकाठ

कोर्टनाका, फार सुंदर उदाहरण. उद्या वर्गात वापरणार.

पैनगंगा, तिचा 'डोन्ट' सुटत नाही कारण ती मनात 'जोपर्यंत अभ्यास करत नाहीस तोपर्यंत' म्हणत असणार. मराठीत 'जोपर्यंत'बरोबर 'नाही' लागतो. 'अनटिल ही डझन्ट कम' ही चूकही तिथलीच. तिला 'केल्याशिवाय' मनात धरायला सांगा. 'अभ्यास केल्याशिवाय पास होणार नाहीस' यात 'नाही' एकदाच आहे, आणि तोही दुसऱ्या बाजूला. 'यू विल नॉट पास अनलेस यू स्टडी.' बरोबर जुळतं.

एक गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकं सांगत नाहीत आणि मला ते आवडत नाही. 'इफ नॉट'च्या जागी प्रत्येक वेळी 'अनलेस' बसत नाही. 'आय विल बी सरप्राइज्ड इफ ही डझन्ट पास' हे घ्या. तो पास झाला नाही, तर त्यामुळे मला आश्चर्य वाटेल. इथे 'अनलेस ही पासेस' घातलं तर वाक्य विचित्र होतं. 'अनलेस' म्हणजे 'एवढा एक अपवाद सोडला तर'. न होण्यामुळे काही घडणार असेल तिथे 'इफ नॉट'च ठेवा.

---

बोरीबंदर

मी आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी जाण्यासाठीच्या इंग्रजी परीक्षेची, तयारी करतोय. दोन शंका. 'इफ आय वॉज' की 'इफ आय वेअर'? आणि अशी वाक्यं मुद्दाम घातली तर बँड, म्हणजे तिथले गुण, वाढतो का?

---

गोदाकाठ

बोलताना 'इफ आय वॉज' चालतं, भरपूर लोक म्हणतात. लिहिताना, विशेषतः अर्जात आणि निबंधात, मिटलेल्या गोष्टीसाठी 'वेअर' ठेवा. 'इफ आय वेअर यू' मात्र नेहमी तसंच म्हणा. पण 'वेअर'चा अतिरेकही नको. 'इफ ही वॉज अ‍ॅट होम यस्टरडे, ही सॉ द न्यूज' हे वाक्य उघडं आहे, तो काल घरी होता की नव्हता हे मला माहीत नाही एवढंच. इथे 'वॉज'च हवं आणि 'वुड' नको.

बँडचं म्हणाल तर लेखनात चार निकष असतात आणि चारही सारख्या वजनाचे. त्यातला एक व्याकरणाची व्याप्ती आणि अचूकता. व्याप्ती दाखवायला 'इफ' उपयोगी पडतो, पण अचूकता त्याच निकषात आहे हे विसरू नका. मत मांडताना एक वाक्य सहज बसतं: 'इफ सिटीज इन्व्हेस्टेड मोअर इन बसेस, फ्यूअर पीपल वुड ड्राइव्ह.' विचारातून आलं की छान. प्रत्येक परिच्छेदात ठोकून बसवलेलं परीक्षकाच्या लगेच लक्षात येतं.

---

रानजाई

धाग्याला जोडून एक. आपलं 'तरी'. 'पाऊस आला तरी आम्ही जाऊ' आणि 'पाऊस आला तरी आम्ही गेलो'. 'पाऊस आला तरी' तेच, पण पहिल्यात पाऊस येईल की नाही माहीत नाही, दुसऱ्यात येऊन गेला. इंग्रजीत पहिल्याला 'इव्हन इफ', दुसऱ्याला 'इव्हन दो'. माझ्या भाषांतरांच्या कामात ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते. 'इव्हन इफ इट रेन्ड, वी वेंट' असं एकदा घडलेल्या गोष्टीबद्दल लिहिलेलं असतं. मराठीत शेवटचं क्रियापद बघायचं, गोष्ट घडून गेली असेल तर 'दो'.

---

गोदाकाठ

+१. 'तर'इतकाच 'तरी'ही शिकवायला हवा.

---

मुळशी_मार्ग

'इफ'च्या बाजूला 'विल' नको म्हणता, मग 'आय डोन्ट नो इफ ही विल कम' हे बरोबर कसं?

---

गोदाकाठ

हा प्रश्न येणारच होता. तिथला 'इफ' अटीचा नाहीच. 'तो येईल की नाही, मला माहीत नाही.' मराठीत लगेच दिसतं, 'तर' नाही, 'की' आहे. जिथे 'की नाही' बसतं तिथे 'वेदर' घालून बघा. चाललं तर 'विल' खुशाल ठेवा.

खऱ्या अटीच्या बाजूलाही 'विल' आणि 'वुड' एका अर्थी येतात, तयारी किंवा मर्जी विचारताना. 'इफ यू विल वेट हिअर, आय विल कॉल द डॉक्टर.' 'थांबाल का, थांबत असाल तर' असा नम्र सूर आहे त्यात. नियम मोडलेला नाही, 'विल'चा अर्थच इथे वेगळा आहे.

---

सांजवात

मी बँकेत आहे, पत्रं लिहावी लागतात. 'आय वुड बी ग्रेटफुल इफ यू वुड सेंड' हे मग बरोबर धरायचं? आणि 'इन केस' सगळे 'इफ'सारखा वापरतात.

---

गोदाकाठ

बरोबर, आणि चांगलंही. विनंतीत 'वुड' किंवा 'कुड' दोन्ही बाजूंना चालतात, कारण आपण मर्जी विचारतोय. तुम्ही पाठवालच असं मी गृहीत धरत नाही, हे अंतर ठेवणं म्हणजेच तिथला आदर. उलट ज्यात मर्जीचा प्रश्न नाही तिथे 'वुड' नको. 'द ब्रांच वुड बी क्लोज्ड ऑन मंडे' अशा सूचना आपल्याकडे खूप दिसतात. शाखा बंद राहणार हे ठरलेलं आहे, 'विल बी' लिहा. 'वुड' वाचून ग्राहकाला वाटेल की काहीतरी अट आहे.

'इन केस'चा मूळ उपयोग 'न जाणो' असा. 'टेक अ‍ॅन अंब्रेला इन केस इट रेन्स', पाऊस येवो न येवो, छत्री घेऊन जा. 'टेक अ‍ॅन अंब्रेला इफ इट रेन्स', पाऊस आला तरच घे. छत्री आत्ता हातात हवी की नाही हे त्या दोन शब्दांवर ठरतं. तुमच्या पत्राच्या शेवटी 'शुड यू नीड एनी हेल्प' हेही छान दिसेल. 'इफ' न घेता 'शुड' पुढे आणला की तोच अर्थ, थोडा औपचारिक. 'हॅड आय नोन' आणि 'वेअर आय टू' हेही तसेच.

---

बोरीबंदर

कालपासून वाक्यं लिहितोय. तपासाल का?

१. 'इफ आय हॅड कॉट द ८:१२ लोकल, आय वुड हॅव बीन इन ऑफिस नाउ.'
२. 'इफ आय विल गेट द व्हिसा, आय विल शिफ्ट इन जून.'
३. 'इफ आय न्यू तमिळ, आय वुड टेक द चेन्नई जॉब.'

---

गोदाकाठ

तिसरं अगदी बरोबर. तमिळ आज येत नाही, नोकरीही आजची.

दुसऱ्यात 'विल गेट' काढून 'गेट'. तुम्ही मनात 'व्हिसा मिळाला तर' म्हटलं की 'मिळेल तर'? 'मिळाला तर' म्हणा, 'विल' आपोआप येणार नाही.

पहिल्यात लोकल चुकली ती सकाळी, पण 'नाउ' आत्ताचा आहे. दोन बाजूंचे काळ वेगळे आहेत, मग रूपंही वेगळी: 'इफ आय हॅड कॉट द ८:१२ लोकल, आय वुड बी इन ऑफिस नाउ.' मराठीत तुम्ही हे बरोबरच म्हणाल: 'लोकल मिळाली असती तर आत्ता ऑफिसात असतो.' 'असतो' म्हटलंत, 'असलो असतो' नाही. तेच 'वुड बी'. व्हिसाचं वाक्य आता 'न मिळाल्यास' काय कराल असं फिरवून लिहा, आणि एक 'अनलेस'चंही. टाका इथे, बघते.